विचारा तर खरं: एका सीपीयूने हाक मारली, दुसऱ्याने ऐकलीच नाही

मागच्या अंकात मी हर्क्युलिसवर दोन पानं लिहिली होती. म्हणजे तो ओपन सोर्स एम्युलेटर, जो आपल्या साध्या लॅपटॉपवर आयबीएमचा मेनफ्रेम, म्हणजे बँकांसारख्या ठिकाणी लागणारा मोठा संगणक, उभा करतो, तो. शेवटी सहज लिहून गेलो होतो की एकापेक्षा जास्त सीपीयू लावून बघा, मग खरी गंमत सुरू होते. आता पत्रं आली आहेत आणि बहुतेक सगळी त्याच गमतीत अडकलेल्यांची आहेत, दोन इतरांची. अंक इंदूरचा असला तरी एक पत्र थेट ग्वाल्हेरहून आलंय, त्याचा आनंद वेगळा. नावं छापत नाही, मोहल्ले छापतो.

प्रश्न (राजेंद्र नगर, इंदूर): काका नमस्कार, तुमचं वाचून मी हर्क्युलिसवर मेनफ्रेमचं लिनक्स टाकलं. एका सीपीयूवर मस्त चालतं. कॉन्फिग फाइलमध्ये सीपीयू २ केले की बूट होता होता मधेच थांबतं, कधी दहा सेकंद, कधी दोन मिनिटं, आणि गंमत म्हणजे कन्सोलवर नुसतं एंटर दाबलं की पुढे सरकतं. मित्र म्हणतो रॅम कमी आहे. खरंच रॅम का?

उत्तर: नाही रे, रॅमचा काही संबंध नाही. आणि तू जे "गंमत म्हणजे" करून लिहिलंयस ना, एंटर दाबलं की सरकतं, तोच सगळ्यात मोठा पुरावा आहे, तो पत्राच्या सुरुवातीला लिहायला हवा होतास.

आधी प्रकार काय आहे ते सांगतो. मेनफ्रेमवर एका सीपीयूला दुसऱ्याशी बोलायचं तर एक खास इन्स्ट्रक्शन असते, सिग्नल प्रोसेसर, सगळे तिला सिगपी म्हणतात, ऑपकोड हेक्समध्ये एई. तिच्यात तीन गोष्टी जातात: कोणत्या सीपीयूला, काय काम, आणि लागलं तर एक पॅरामीटर. काम म्हणजे ऑर्डर कोड, ०१ म्हणजे नुसती विचारपूस, ०२ म्हणजे एक्स्टर्नल कॉल, ०३ इमर्जन्सी सिग्नल, ०५ थांब, ०६ रीस्टार्ट, ०९ म्हणजे थांब आणि तुझी सगळी अवस्था मेमरीत लिहून ठेव, वगैरे. उत्तर येतं कंडिशन कोडमध्ये: ० म्हणजे ऑर्डर घेतली, १ म्हणजे काहीतरी सांगायचंय ते रजिस्टरमध्ये (सीपीयूच्या आतल्या छोट्या खणात) बघ, २ म्हणजे बिझी, ३ म्हणजे असा सीपीयूच चालू नाहीये.

आता नीट वाच. ० म्हणजे "ऑर्डर घेतली". "काम झालं" असं त्यात कुठेच नाही. समोरच्याने इंटरप्ट (हातातलं काम थांबवून लक्ष द्यायला लावणारी सूचना) घेतला की नाही हे ० सांगत नाही, कारण त्याने पीएसडब्ल्यूमध्ये, म्हणजे सीपीयूच्या चालू अवस्थेच्या नोंदीत, एक्स्टर्नल इंटरप्ट बंद करून ठेवले असतील किंवा कंट्रोल रजिस्टर शून्यातला त्या प्रकारचा बिट बंद असेल तर सिग्नल नुसता वाट बघत पडून राहतो, आणि हे अगदी कायदेशीर आहे. एम्युलेटर लिहिणारे आणि दुरुस्त करणारे आपण सगळे इथेच घसरतो. पाठवणारी बाजू चकाचक लिहितो, टेस्ट करतो, खूश होतो. घेणारी बाजू मात्र "ते काय, होईलच."

तुझ्याकडे काय होतंय ते आमच्या जुन्या वाड्यासारखं आहे. मी वर माळ्यावर असायचो, आई खालून हाक मारायची, पोहे झाले म्हणून. समज मी जिन्यात येऊन डोकावलो, खाली कुणी नाही, म्हणून परत गेलो, दार लावलं आणि आडवा झालो. आईने हाक मारली ती नेमकी मी डोकावून वळलो आणि दार लागायच्या आत, मधल्या दोन सेकंदात. तिच्या दृष्टीने हाक मारून झाली. माझ्या दृष्टीने कुणी हाक मारलीच नाही. पोहे गार.

हर्क्युलिसमध्ये प्रत्येक मेनफ्रेम-सीपीयू म्हणजे तुझ्या लॅपटॉपवरचा एक थ्रेड, प्रोग्राममधली स्वतंत्रपणे चालणारी एक वाट. गेस्ट, म्हणजे एम्युलेटरच्या आत चालणाऱ्या, ऑपरेटिंग सिस्टमला काही काम नसलं की सीपीयू वेटमध्ये जातो, म्हणजे थ्रेड आधी बघतो की कुठला इंटरप्ट वाट बघतोय का, नसेल तर कंडिशन व्हेरिएबलवर, म्हणजे कुणी उठवेपर्यंत, झोपतो. बघणं आणि झोपणं यांच्या मधे फट राहिली आणि दुसऱ्या थ्रेडने लॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) न घेता झेंडा, म्हणजे सिग्नल आल्याची खूण, लावून "ऊठ" असं ओरडून टाकलं तर ते ओरडणं वाया गेलं, कारण तेव्हा अजून कुणी झोपलेलंच नव्हतं. मग तो झोपतो, आणि झेंडा त्याच्या उशाशी फडकत राहतो.

मग एंटरने का सरकतं? कन्सोलची कळ दाबलीस की वेगळाच इंटरप्ट येतो, त्या निमित्ताने झोपलेला उठतो, आणि उठल्यावर तो सगळेच झेंडे बघतो. एक्स्टर्नल इंटरप्टचा नंबर आय-ओच्या आधी लागतो, त्यामुळे अडकलेला कॉल आधी घेतला जातो आणि गाडी सुटते. कळ नाही दाबलीस तर पुढचा टायमर वाजेपर्यंत थांबायचं, म्हणून कधी दहा सेकंद आणि कधी दोन मिनिटं.

खात्री कशी करायची? प्रिंट टाकू नकोस. मी पहिल्यांदा तेच केलं होतं, प्रत्येक सिगपीला एक ओळ छापायची, आणि बग गायब! तीन रात्री मला वाटलं सुटला. छापायलाही लॉक लागतो, वेळ लागतो, त्यात ती फट हलते. त्यापेक्षा मेमरीत एक गोल बफर ठेव, पाचशे-हजार नोंदींचा, प्रत्येक नोंदीला चढता क्रमांक दे (क्रमांक अ‍ॅटॉमिक वाढव, नाहीतर तिथेच नवीन घोळ), आणि अडकल्यावर शांतपणे बाहेर काढ. माझ्याकडे जे निघालं ते असं होतं:

४१० : सीपीयू १ ने बघितलं, काही नाही
४११ : सीपीयू ० कडून १ ला, ऑर्डर ०२, कंडिशन कोड ०
४१२ : सीपीयू १ झोपला

बस, तीन ओळी. ४१० आणि ४१२ च्या मधे ४११ घुसलाय. कोर्टात उभा करता येईल असा पुरावा.

दुरुस्ती लहान आहे. झेंडा लावणं आणि उठवणं दोन्ही इंटरप्ट लॉक हातात धरून करायचं, आणि झोपणाऱ्यानेसुद्धा तोच लॉक धरून बघायचं आणि धरलेला असतानाच कंडिशन वेट करायचा. लॉक सोडणं आणि झोपणं हे तो वेट स्वतः एका झटक्यात करतो, मधे कुणाला शिरायला जागा राहत नाही. आणि वेटच्या भोवती "जर" नको, "जोपर्यंत" लाव. थ्रेड कधी कधी उगाचच उठतो, उठला म्हणजे कुणी हाक मारलीच असं नसतं, परत बघायलाच पाहिजे.

प्रश्न (तिलक नगर, इंदूर): मी एका कंपनीत सी प्रोग्रामर आहे. माझ्याकडे सिगपीला वारंवार कंडिशन कोड २ यायचा आणि गेस्टचे लूप फिरत बसायचे. मी एम्युलेटरमध्येच बदल केला: बिझी असेल तर इन्स्ट्रक्शनच्या आत थांबायचं, मोकळं झालं की ० द्यायचा. माझ्या मशीनवर फार छान चालतं. प्रोजेक्टवाल्यांनी पॅच घेतला नाही, कारणही धड दिलं नाही. यात चूक काय?

उत्तर: ताई, तुमचा राग कळतो, नाही म्हणायचं तर दोन ओळी लिहायला हव्या होत्या त्यांनी. पण पॅच मीही घेतला नसता.

समजा सीपीयू ० ने १ ला सिगपी केला आणि त्याच क्षणी १ ने ० ला. दोघंही इन्स्ट्रक्शनच्या आत थांबलेत, समोरचा मोकळा होईल म्हणून. कोण आधी होणार? सराफ्यात रात्री गर्दीत दोन स्कूटरवाले समोरासमोर येतात आणि "भिया पहले आप" करत उभे राहतात तसं, फक्त इथे मागे घ्यायला कुणी तयार नाही. आणि दुसरी गोष्ट, एम्युलेटरला अधूनमधून सगळ्या सीपीयूंना एका रेषेत आणावं लागतं, उदाहरणार्थ एखादी पेज टेबलची नोंद रद्द झाली की सगळ्यांनी आपापला जुना कॅश टाकून द्यायचा असतो, आणि सीपीयू हे करतो तो दोन इन्स्ट्रक्शनच्या मधल्या हद्दीवर. तुमचा सीपीयू इन्स्ट्रक्शनच्या पोटातच फिरतोय, हद्दीवर येतच नाही. मग बाकीचे त्याच्यासाठी थांबतात. आणि तो ज्याच्यासाठी थांबलाय तो त्या थांबलेल्यांपैकीच एक निघाला तर पूर्ण मशीन गारठलं. तुमच्याकडे दोन सीपीयू असतील म्हणून अजून दिसलं नाही, सहा-आठ लावून रात्रभर ठेवा.

मुळात २ ही चूक नाहीच. मॅन्युअलमध्ये, म्हणजे आयबीएमच्या प्रिन्सिपल्स ऑफ ऑपरेशनमध्ये, ते एक वैध उत्तर आहे आणि गेस्टने परत विचारायचं असतं. लिनक्सच्या कोडमध्ये बिझी आलं की परत प्रयत्न करणारा लूप स्पष्ट लिहिलेला आहे. गेस्टची सोय बघणं आपलं काम नाही, खरं मशीन जे बोललं असतं ते बोलायचं, गैरसोयीचं असलं तरी.

पण तुम्हाला *वारंवार* २ का येतो, हा प्रश्न खरा आहे, आणि पॅच तिथे हवा. दोन ठिकाणं बघा. एक, बिझीचा झेंडा पूर्ण मशीनसाठी एकच आहे का? तसं असेल तर ० आणि १ बोलत असताना ४ आणि ५ लाही बिझी मिळतं, ज्यांचा यांच्याशी काही संबंध नाही. दोन, थांबण्याची किंवा रीसेटची ऑर्डर घेतल्यावर लावलेला झेंडा प्रत्येक वाटेवर खाली उतरतो का? चुकीच्या पॅरामीटरमुळे मधूनच परत फिरणारी एखादी वाट असते, तिथे नेमका उतरवायचा राहतो. एकदा माझ्याच कोडमध्ये असं होतं आणि ते मला सापडलं नाही, दुसऱ्याने दाखवलं. ते दाखवणारा पॅच पाठवा, घेतील.

प्रश्न (सुदामा नगर, इंदूर): माझा मुलगा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागतो, विचारलं तर म्हणतो "आई, सीपीयू झोपलाय, उठत नाहीये". स्वतः मात्र झोपत नाही. हे मेनफ्रेम प्रकरण आता कुठे राहिलंय का, की उगाच जुन्या वस्तूच्या मागे लागलाय?

उत्तर: काकू, राहिलंय. बँका, विमा, विमान तिकिटं, यांतलं बरंच मोठं काम आजही मेनफ्रेमवर चालतं. आयबीएमने सिस्टम ३६० जाहीर केलं ७ एप्रिल १९६४ ला, आणि आजची झेड मशीनं त्याच घराण्यातली आहेत, इतकी की तेव्हाच्या धाटणीचे प्रोग्राम अजून चालतात. हर्क्युलिस सुरू केला रॉजर बॉलर यांनी, १९९९ मध्ये, आणि पुढे त्यात खूप जणांचे हात लागले. फुकट आहे, कोड उघडा आहे. यातून थेट पैसे नाही मिळायचे, पण तिसऱ्या वर्षाच्या मुलाला दोन थ्रेड एकमेकांत कसे अडकतात हे हाताने कळलं तर मला तरी तो वेळ फुकट वाटत नाही. झोपेचं तुम्ही बघा. पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्याला वाचायला द्या, कदाचित आजच लवकर झोपेल.

प्रश्न (लष्कर, ग्वाल्हेर): माझ्या इंटेलच्या लॅपटॉपवर चार सीपीयू लावून रात्रभर चालतं, काही होत नाही. तोच कोड रास्पबेरी पायवर बांधला की अर्ध्या तासात गेस्ट पॅनिक होतो. इमर्जन्सी सिग्नल येतो, पण पाठवणाऱ्याचा नंबर चुकीचा असतो. व्हेरिएबलला व्होलाटाइल लावून बघितलं, फरक नाही.

उत्तर: व्होलाटाइलने फरक पडणार नाही, ते कंपायलरला सांगतं, प्रोसेसरला नाही. तुमच्याकडे बहुतेक दोन वेगळे बग एकत्र आलेत.

पहिला. इमर्जन्सी सिग्नलचा नियम एक्स्टर्नल कॉलपेक्षा वेगळा आहे आणि हे खूप जण विसरतात. एक्स्टर्नल कॉल एका सीपीयूकडे एका वेळी एकच वाट बघत राहू शकतो, दुसरा आला तर पाठवणाऱ्याला कंडिशन कोड १ आणि स्टेटसमध्ये हेक्स ८० चा बिट मिळतो, म्हणजे आधीचाच पडून आहे. इमर्जन्सी सिग्नल मात्र *प्रत्येक* सीपीयूकडून एकेक असा एकाच वेळी पडून राहू शकतो. म्हणून घेणाऱ्याकडे पाठवणाऱ्यांची पूर्ण रांग हवी, प्रत्येकासाठी एक खूण. कुणी सोपं म्हणून एकच झेंडा आणि "शेवटचा कोण" असा एकच आकडा ठेवला, तर २ आणि ३ ने पाठोपाठ पाठवल्यावर २ पुसला जातो. हर्क्युलिसच्या कोडमध्ये ही खुणांची रांग आहे. तुम्ही त्यात बदल केलेत असं पत्रावरून वाटतं, ते परत बघा. इंटरप्ट घेताना रांगेतला एक काढायचा, त्याचा नंबर रिअल अ‍ॅड्रेस १३२ वर लिहायचा, इंटरप्ट कोड १२०१, आणि रांग रिकामी झाली तरच मुख्य झेंडा उतरवायचा. एक्स्टर्नल कॉलला कोड १२०२.

दुसरा बग पायचा, म्हणजे त्यातल्या आर्म प्रोसेसरचा. पाठवणारा आधी आपला नंबर लिहितो, मग झेंडा लावतो. इंटेलवर दुसऱ्या कोअरला हे त्याच क्रमाने दिसतं. आर्मवर तशी हमी नाही, झेंडा आधी दिसू शकतो आणि नंबर नंतर, म्हणजे घेणारा धावत येतो आणि मागच्या वेळचाच नंबर वाचतो. तुमचं लक्षण हुबेहूब हेच. मॅन्युअल म्हणतं सिगपीच्या आधी आणि नंतर सिरियलायझेशन, म्हणजे आधीची लिहा-वाच पूर्ण होणं, व्हायलाच हवं, ते इंटेलने तुम्हाला बऱ्याच अंशी फुकट दिलं होतं एवढंच. दोन्हीकडे तोच लॉक घ्या किंवा सीच्या अ‍ॅटॉमिकमधलं रिलीज आणि अ‍ॅक्वायर वापरा. मी लॉकच घेईन. सिगपी काही सेकंदाला लाखो वेळा होणारी गोष्ट नाही, तिथे हुशारी दाखवून काय मिळवायचंय.

आणि झेंड्याच्या शब्दात बिट लावताना साधं "किंवा" करून परत लिहीत असाल लॉकशिवाय, तर तो बग इंटेलवरही आहे, फक्त लपून बसलाय. दोन थ्रेड एकाच वेळी शब्द वाचतात, आपापला बिट लावतात, लिहितात, आणि नंतर लिहिणारा पहिल्याचा बिट खाऊन टाकतो.

प्रश्न (पलासिया, इंदूर): हर्क्युलिसवर झेड-ओएस, म्हणजे आयबीएमची मेनफ्रेमची ऑपरेटिंग सिस्टम, टाकता येईल का? एकाने हार्ड डिस्क देऊ केलीय.

उत्तर: डिस्क परत करा. आयबीएम त्याचं लायसन्स हर्क्युलिससाठी देत नाही. एमव्हीएस ३.८जे ही जुनी मेनफ्रेम ऑपरेटिंग सिस्टम सार्वजनिक आहे, टर्नकी नावाने तयार मिळतं, आणि डेबियन लिनक्सही मेनफ्रेमसाठी फुकट आहे. त्यात तुमची दोन वर्षं आरामात जातील.

प्रश्न (रामबाग, इंदूर): सिगपीच्या सेट प्रीफिक्स ऑर्डरला (०डी, सीपीयूच्या खास मेमरी-भागाचा पत्ता बदलणारी) माझ्याकडे एका गेस्टवर बरोबर उत्तर येतं आणि दुसऱ्यावर "पॅरामीटर चुकीचा". दोन्हींत अ‍ॅड्रेस तोच, मी प्रिंट करून बघितला.

उत्तर: अ‍ॅड्रेस तोच असेल, पण *रजिस्टर* तोच आहे का? ही चूक मी स्वतः केली आहे म्हणून लगेच वास आला.

सिगपीत पहिलं रजिस्टर विषम क्रमांकाचं असेल तर पॅरामीटर त्याच रजिस्टरमध्ये असतो. सम असेल तर पुढच्यात. म्हणजे ३ दिलं तर ३ मध्ये, ४ दिलं तर ५ मध्ये. स्टेटस मात्र नेहमी पहिल्यातच येतं. मी वर्षानुवर्षं सम जोडी वापरणारे प्रोग्राम बघितले होते, त्यामुळे डोळे मिटून "पुढचं रजिस्टर" असं लिहून टाकलं होतं आणि माझ्या सगळ्या टेस्ट पास. मग लिनक्स चढवलं, आणि जुन्या कर्नलमध्ये पॅरामीटर आणि स्टेटस दोन्हींसाठी रजिस्टर १ होतं, विषम. माझा कोड २ मध्ये बघत होता, तिथे कसला तरी कचरा. नंतरच्या कर्नलमध्ये त्यांनी सम-विषम जोडी वापरायला सुरुवात केली, म्हणजे मी तेव्हा थोडं थांबलो असतो तर बग "आपोआप सुटला" असं वाटून तसाच राहिला असता.

त्याच फंक्शनमध्ये आहातच तर आणखी तपासा. कंडिशन कोड १ आला तरच पहिल्या रजिस्टरमध्ये स्टेटस लिहायचं, तेही फक्त खालच्या ३२ बिटांत, वरचे ३२ जसेच्या तसे. ० आला तर रजिस्टरला हातच लावायचा नाही, बरेच जण तिथे भल्यासाठी शून्य टाकतात आणि गेस्टचा अ‍ॅड्रेस मारतात. प्रीफिक्सची ऑर्डर समोरचा सीपीयू थांबलेला असेल तरच घ्यायची, चालू असेल तर "अवस्था चुकीची", स्टेटसमध्ये हेक्स २००, आणि तुम्हाला दिसतोय तो पॅरामीटरचा बिट हेक्स १०० आहे, दोघांची अदलाबदल झालेली मी पाहिली आहे. शिवाय रीसेट ऑर्डरने त्या सीपीयूकडे पडून असलेले कॉल आणि इमर्जन्सी सिग्नल पुसले जायला हवेत, नाहीतर दुसऱ्यांदा आयपीएल (म्हणजे बूट) केलं की मागच्या जन्मीचा इंटरप्ट येऊन उभा राहतो.

पॅच पाठवताना सोबत टेस्ट द्या. हायपेरियनच्या, म्हणजे हर्क्युलिसच्या पुढच्या आवृत्तीच्या, कोडमध्ये टेस्टचा वेगळा फोल्डर आहे, छोट्या स्क्रिप्ट असतात, मेमरीत बाइट टाकायच्या, चालवायचं, शेवटी रजिस्टर तपासायचं. तुमच्या बाबतीत दोन लागतील, एकीत पहिलं रजिस्टर ३, दुसरीत ४, आणि दोन्हींत वरच्या ३२ बिटांत आधीच काहीतरी ओळखू येईल असं भरून ठेवा. ३ वाली आत्ता तुमच्याकडे फेल व्हायला हवी. झाली नाही तर मला परत लिहा, मग माझा अंदाज चुकलाय.